निरंक

पहिल्या वर्षी मी चतुर मोजायच्या अकरा फेऱ्या केल्या आणि नोंदीचे कागद दिले सात. उरलेल्या चार फेऱ्यांत एकही चतुर दिसला नव्हता. त्यातल्या दोन एप्रिलमधल्या, ओढ्याकाठी अजून हिरवं पातंही फुटलं नव्हतं तेव्हाच्या. एकदा घरातून निघाले तेव्हा लख्ख ऊन होतं आणि पोचेपर्यंत आभाळ भरून आलं. चौथी फेरी ऑक्टोबर संपतानाची. काही दिसलंच नाही तर लिहायचं काय आणि द्यायचं काय, असा माझा सरळ हिशेब.

नोव्हेंबरात बाईंचा फोन आला. बाई म्हणजे आमच्या गटातल्या सगळ्यात जुन्या स्वयंसेविका. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, वय ऐंशीला टेकलेलं. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, रीतीप्रमाणे त्यांना सगळे नावाने हाक मारतात, मीही मारते. पण मनात त्या बाईच. शाळेतल्या बाईंना नावाने हाक मारायची माझी जीभ अजून तयार झालेली नाही.

"एप्रिलमध्ये तू गेलीच नाहीस का?" त्यांनी विचारलं.

"गेले होते की. पण काहीच नव्हतं."

"मग ते कागदावर कुठे आहे? कागद नाही म्हणजे कुणी गेलंच नाही. कागदावर शून्य आहे म्हणजे कुणीतरी गेलं, तासभर शोधलं आणि नव्हतं. या दोन गोष्टी एकच आहेत का?"

मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी होते आणि मला अण्णांची आठवण आली. ही गोष्ट मला बाईंनी शिकवायची गरजच नव्हती. आमच्या घरात तिच्यासाठी एक शब्द होता. निरंक.

अण्णा, म्हणजे माझे वडील, रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी रोपवाटिकेत कारकून होते. रोपवाटिकेच्या आवारात, तारेच्या कुंपणात एक पर्जन्यमापक होता. वर नरसाळं, आत पाणी साठायची बाटली आणि शेजारच्या कपाटात काचेचं मोजपात्र. रोज सकाळी साडेआठला अण्णा कुलूप काढायचे, बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचे, डोळे पाण्याच्या रेषेशी आणायचे आणि वहीत मिलिमीटर लिहायचे. जुलैत त्या कामाला थाट असे. बाटली काठोकाठ, अण्णांच्या डोक्यावर इरलं, आणि मी छत्री धरून मोठ्या महत्त्वाच्या माणसासारखी शेजारी उभी. पण ते फेब्रुवारीतही जायचे. फेब्रुवारीत कोकणात कुठला पाऊस? तरी साडेआठला कुलूप निघायचं, कोरडी बाटली उचलून उजेडात धरली जायची आणि वहीत शब्द पडायचा: निरंक. खाली सही. अठ्ठावीस दिवस, अठ्ठावीस वेळा. मी एकदा म्हटलं, अण्णा, एकदाच लिहून खाली 'वरीलप्रमाणे' करत जा ना. ते म्हणाले, "कालचं काल. आज मी बघितलंय, तर आजचं आज लिहायला नको?"

ही एवढी पुंजी बरोबर घेऊन मी अमेरिकेत आले आणि विसरले.

*

मी मोजते ते इलिनॉय राज्यात, नचूसा ग्रासलँड्स या ठिकाणी. शिकागोपासून पश्चिमेला दीडशे किलोमीटर. आम्ही राहतो नेपरव्हिलला, तिथून सव्वा-दीड तास. नावात 'नाच' नाही, उच्चार न-चू-सा असा; पण आमच्या घरी मुलं गंमतीने 'आई नाचायला गेली' असंच म्हणतात. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मका आणि सोयाबीन. पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं होतं, केवढं हिरवं! आता त्या हिरव्याकडे बघून वाटत नाही तसं.

इलिनॉयला 'प्रेअरी स्टेट' म्हणतात. एके काळी या राज्यात सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती, म्हणजे माणसाच्या डोक्यावरून जाणारं गवत, त्यात शेकडो जातींची फुलझाडं आणि मधून मधून पाणथळी. त्यातली मूळ स्वरूपातली हजारातली एक एकरसुद्धा आज उरलेली नाही. या जमिनीची माती इतकी काळी आणि चिकट की ओतीव लोखंडाच्या नांगराला लगदा धरायचा, शेतकरी दर थोड्या पावलांनी थांबून नांगर खरवडायचे. १८३७ मध्ये जॉन डीअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादाचा फाळ बनवला. त्याला माती चिकटेना. त्याचं दुकान ग्रँड डिटूर या गावात होतं आणि ते गाव नचूसाच्या अगदी शेजारी आहे. प्रेअरी जिने संपवली ती वस्तू जिथे जन्मली, तिथूनच काही मैलांवर आम्ही प्रेअरीचे तुकडे जोडत बसलोय. मला यात कविता वगैरे दिसत नाही. पण दर वेळी त्या गावाची पाटी दिसली की हसू येतं खरं.

नांगर पाण्यालाही लागू पडला. ओली जमीन नांगरता यावी म्हणून शेताखालून भाजलेल्या मातीचे पाइप टाकून पाणी ओढ्यांत सोडलं गेलं. इलिनॉयच्या ८५ ते ९० टक्के पाणथळी अशा नाहीशा झाल्या. चतुरांच्या दृष्टीने बघायचं तर हे गवत जाण्याहून मोठं संकट. चतुर आपल्याला हवेत दिसतो, पण त्याच्या आयुष्याचा बहुतेक भाग पाण्याखाली जातो.

मग हे नचूसा वाचलं कसं? खडकामुळे. इथे जागोजाग वालुकाश्माचे उंचवटे आहेत, वर वितभर माती. फाळ तिथे चालत नव्हता म्हणून शेतकऱ्यांनी ते तुकडे गुरांना सोडले आणि त्यांवर जुनं गवत तग धरून राहिलं. माझ्या गावाच्या वर सडा आहे. कातळावर बोटभर माती, पावसाळ्यात गुडघाभर गवत, खड्ड्याखड्ड्यांत पाणी आणि त्या पाण्यावर चतुर. 'सड्यावर काय पिकतंय?' असं म्हणूनच सडाही वाचला होता, निदान माझ्या लहानपणी. द नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेने १९८६ मध्ये नचूसाचा पहिला तुकडा विकत घेतला. मधल्या मक्याच्या जमिनी घेत घेत, बी गोळा करून पेरत, जाळत, तण उपटत आज ते सुमारे ४,००० एकर झालंय. हे काम मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकांच्या हातचं आहे.

जाळत, हो. प्रेअरीला आग हवीच असते. ठरवून, वारा बघून, चहूबाजूंना पाणी घेऊन माणसं उभी करून गवत पेटवतात. नाहीतर दहा-वीस वर्षांत तिथे झाडोरा होतो. इथे आलेल्या आमच्या एका मराठी मित्राला हे बघून धक्काच बसला होता. मला नाही बसला. भाजावळ बघत वाढलेल्या मुलीला राखेतून हिरवं येतं हे सांगावं लागत नाही.

*

आता मोजणं कसं असतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही जाळी घेऊन गवतात पळतो.

पळत नाही. प्रत्येकाला एक वाट नेमून दिलेली असते. माझी वाट ओढ्याकाठाने जाते, एका डबक्याला वळसा घालते आणि लाकडी साकवाशी संपते. दर वेळी तीच वाट, तीच दिशा. ऊन हवं, वारा फार नको, हवा साधारण १८ अंश सेल्सियसच्या वर हवी. सकाळी दहा ते दुपारी तीन ही चतुरांची कचेरीची वेळ. सुरुवातीला वेळ, तापमान, ढग, वारा लिहायचं आणि चालायला लागायचं. जे दिसेल त्याची जात आणि संख्या. मागे वळून बघायचं नाही; जे आपल्या पुढे आहे तेच मोजायचं, नाहीतर एकच चतुर चार वेळा मोजला जातो. पायजमा मोज्यांत खोचलेला, कारण गोचीड. गळ्यात जवळचं दाखवणारी दुर्बीण, हातात पॅड आणि शिसपेन्सिल. पेनाची शाई घामाने फुटते.

मराठीत आपण चतुर आणि टाचणी असा फरक करतो तो इथेही पहिल्या दिवशी शिकवतात. चतुर धिप्पाड, बसला तरी पंख विमानासारखे पसरून बसतो, डोळे बहुतेकांचे डोक्यावर एकमेकांना भिडलेले. टाचणी बारीक, बसली की बहुतेक वेळा पंख पाठीवर मिटते, आणि डोळे दोन टोकांना, डंबेलसारखे. 'टाचणी' हा शब्द मी बाईंना समजावून सांगितला तेव्हा त्या टाळी वाजवून हसल्या. कारण इंग्रजीत मोठ्या चतुरांच्या एका कुळाला 'डार्नर' म्हणतात, रफू करणारे. जुन्या लोकांत चतुराला 'सैतानाची रफूची सुई' म्हणत आणि खोटं बोलणाऱ्या पोरांचे ओठ तो रात्री शिवून टाकतो अशी भीती घालत. दोन भाषांतल्या आयाबायांनी हा किडा बघितला आणि दोघींनाही आपला शिवणाचा डबाच आठवला.

पहिल्या वर्षीची दुसरी फजिती सांगायलाच हवी. डबक्याकाठी मला एक हिरवागार चतुर दिसायचा, पोपटी म्हणावा असा, शेपटीवर काळे पट्टे. आणि एक निळसर राखी, जणू वर पिठी भुरभुरलेली. मी इमानेइतबारे दोन जाती म्हणून दोन्ही लिहीत होते. जुलैत बाई माझ्याबरोबर आल्या, शांतपणे पॅडवर वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हे नवरा-बायको आहेत." ईस्टर्न पाँडहॉक. मादी हिरवी. नरही आधी हिरवाच असतो, मग करवंदावर असते तशी पांढुरकी लव त्याच्या अंगावर चढत जाते आणि तो निळा दिसू लागतो. मधल्या अवस्थेतला, अर्धा हिरवा अर्धा निळा, असा एक मी 'अनोळखी' म्हणून तिसऱ्या रकान्यात टाकला होता. एका जातीच्या मी तीन केल्या. अण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं, मिलिमीटरला नवरा-बायको नसतात."

एक नाव मात्र मला अजूनही लिहिताना थांबवतं. विडो स्किमर. पंखांच्या मुळाशी काळे रुंद पट्टे, शोकाच्या शालीसारखे, म्हणून विधवा. शास्त्रीय नावातही शोकच आहे. इथल्या लोकांना त्यात फक्त एक जुनाट गंमत दिसते. माझी आजी तेविसाव्या वर्षी विधवा झाली आणि त्यानंतर तिने रंगीत लुगडं नेसलं नाही. नरांच्या त्या काळ्या पट्ट्यांपुढे मोठे पांढरे ठिपके असतात आणि उन्हात ते असे चमकतात की कुणी शोक करत असावं असं वाटतच नाही. मी फक्त इंग्रजी आद्याक्षरं लिहिते.

माझी सगळ्यात आवडती वाट ओढा झाडांखाली शिरतो तिथली. तिथे एबनी ज्वेलविंग असतात. काळेभोर पंख, अंग मोरपंखी, उडणं फुलपाखरासारखं संथ, फडफडतं. मादीच्या पंखांच्या टोकाला एकेक पांढरा ठिपका, चुना लावल्यासारखा. एका पानावर नर बसतो, पंख उघडतो, मिटतो. घरामागच्या पऱ्याला, म्हणजे छोट्या ओढ्याला, असेच उघडझाप करणारे हिरव्या चकाकत्या पंखांचे जीव असायचे. ते याच कुळातले होते हे मला इथे, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तेरा हजार किलोमीटरवर कळलं. तिथे असताना मी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं नीट. आम्ही पोरं चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला खडे उचलायला लावायचो. ते आठवलं की आजही हाताच्या बोटांत त्याची थरथर जाणवते.

*

२०१४ मध्ये नचूसात बायसन आणले, सुरुवातीला तीसेक. आता कळप शंभराच्या पुढे आहे. ते चरतात, धुळीत लोळतात, लोळून लोळून जमिनीत परडीसारखे खळगे करतात आणि पावसाळी दिवसांत त्या खळग्यांत पाणी साचतं. म्हणजे गव्याच्या या लांबच्या भावाने चतुरांसाठी डबकी खणून ठेवली असंही म्हणता येईल. पण माझं त्यांच्याशी वेगळंच भांडण आहे. एकदा भर जूनमध्ये, आदर्श हवा, सगळं जुळून आलेलं, आणि माझ्या वाटेवर पंधरा बायसन रवंथ करत बसलेले. त्यांच्यापासून चांगलं लांब राहायचं असा नियम आहे आणि तो मोडायची मला जराही हौस नव्हती. दीड तास मी टेकाडावरून त्यांना बघितलं. ते उठले नाहीत. मी परत आले.

त्या दिवशीचा कागद मात्र मी दिला. त्यावर काय लिहावं याचा बाईंशी वाद घातला. त्या म्हणाल्या, शून्य नको. तू वाट चाललीच नाहीस. 'मोजता आलं नाही, कारण बायसन.' हे निरंक नव्हे. निरंक लिहायला आधी चालावं लागतं.

*

आमच्या मंडळाच्या गणपतीला दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "अजून डास मोजतेस का?" मग मी सांगते की डास खाणाऱ्यांना मोजते. मग पुढचा प्रश्न, त्याने होतं काय? खरं तर हा प्रश्न मला पहिली तीन-चार वर्षं स्वतःलाही पडत होता. माझा ओढा, माझे चाळीस-पन्नास चतुर, माझी घामेजलेली शिसपेन्सिल. यातून कुणाला काय कळणार?

ग्रीन डार्नर हा इथला सगळ्यात लवकर दिसणारा चतुर. एप्रिलच्या पहिल्या उबदार दिवशी, डबक्यावर बर्फाची साय जाऊन जेमतेम दोन आठवडे झालेले असतात तेव्हा, कुठूनसा एक मोठा हिरवा-निळा चतुर येतो आणि पाण्यावर गस्त घालू लागतो. इथल्या पाण्यातून तर तो निघालेला नसतो, पाणी अजून गार असतं. मग तो आला कुठून? तो स्थलांतर करतो हे लोकांना फार दिवसांपासून माहीत होतं, पण चतुराच्या पायात कडी घालता येत नाही. २००६ मध्ये एक अभ्यास आला, त्यात न्यू जर्सीजवळ चौदा डार्नरांच्या अंगावर खोट्या पापण्या चिकटवायच्या गोंदाने आणि सुपरग्लूने ०.३ ग्रॅमचे ट्रान्समीटर लावून शास्त्रज्ञ छोट्या विमानातून त्यांच्या मागे गेले. लागोपाठ दोन रात्री आदल्या रात्रीपेक्षा गार गेल्या की चतुर दक्षिणेला निघत, असं त्यात दिसलं. मला त्या वैमानिकाचा हेवा वाटतो.

पण खरा उलगडा २०१८ मध्ये झाला आणि तो पंखांनी केला. हे मला इतकं आवडतं की मी ते दर गणपतीला कुणाला ना कुणाला ऐकवते. पावसाच्या पाण्यातल्या हायड्रोजनमध्ये थोडा जड हायड्रोजन असतो, आणि त्याचं प्रमाण प्रदेशाप्रमाणे बदलतं. उत्तरेच्या पावसात एक, दक्षिणेच्या पावसात वेगळं. चतुराचं पिल्लू ज्या पाण्यात वाढतं त्या पाण्याची ही खूण त्याच्या अंगात उतरते. कात टाकून तो बाहेर आला, पंख सुकले, की मग पंख आयुष्यभर बदलत नाहीत. म्हणजे त्याच्या पंखात तो जन्मला तिथला पाऊस नोंदलेला राहतो. शास्त्रज्ञांनी संग्रहालयांतल्या जुन्या चतुरांच्या पंखांचे बारीक तुकडे तपासले, आणि कधी कुठे पहिला चतुर दिसला हे बघायला आमच्यासारख्या हौशी लोकांच्या नोंदी वापरल्या. निघालं ते असं: वसंतात एक पिढी दक्षिणेकडून साडेसहाशे किलोमीटरहून जास्त उडून उत्तरेला येते, अंडी घालते आणि मरते. दुसरी पिढी उत्तरेच्या पाण्यात वाढते आणि उन्हाळाअखेर तितकंच अंतर कापून दक्षिणेला जाते. तिसरी तिथेच हिवाळ्यात निपजते, तिथेच संपते, आणि तिची पोरं पुन्हा उत्तरेला निघतात. एप्रिलमध्ये माझ्या डबक्यावर येणाऱ्याने हे डबकं कधी पाहिलेलं नसतं. त्याच्या आजोबाने पाहिलेलं असतं.

आता सांगा, 'पहिला दिसला' ही नोंद खरी कधी होते? आदल्या आठवड्यात कुणीतरी जाऊन 'नाही दिसला' असं लिहिलेलं असलं तरच. नाहीतर १४ एप्रिलला दिसला म्हणजे १४ एप्रिलला आला, की १४ एप्रिलला मला वेळ झाला?

अण्णांना मी हे सगळं फोनवर समजावलं. हायड्रोजनचं त्यांना कितपत कळलं कोण जाणे. थोडा वेळ थांबून म्हणाले, "म्हणजे त्याच्या पंखात मोजपात्र आहे, असं म्हणतेस का गो?"

मी पुष्कळ लेख वाचलेत. याहून चांगलं कुणी मांडलेलं मला सापडलं नाही.

*

ऑगस्टमध्ये गाड्या उभ्या करायच्या आवारात, तापलेल्या खडीवर, पिवळसर सोनेरी चतुर घिरट्या घालतात. बसतच नाहीत. कधीमधी बसले तर फांदीला उभे लटकतात. उन्हात चमकणारी गाडीची टपं त्यांना पाणी वाटतात आणि माद्या तिथे शेपटी टेकवून अंडी घालू पाहतात. हे वाँडरिंग ग्लायडर. पहिल्यांदा ओळख पटवायला पुस्तक उघडलं, शास्त्रीय नाव वाचलं, पँटाला फ्लॅव्हेसन्स, आणि खाली त्याचा प्रदेश: जवळजवळ सगळं उष्ण जग. मी फोटो दादाला पाठवला. त्याचा उलटा फोटो पाच मिनिटांत आला, आमच्या अंगणातला, भाताच्या खाचराच्या बाजूने घेतलेला. तोच. भाऊबंद नव्हे, तीच जात. भाद्रपदात संध्याकाळी अंगणावर थवेच्या थवे उतरायचे आणि आई म्हणायची, चतुर खाली आले, वाळवण आत घ्या.

या चतुराची आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्या मुळाशीही एक वही आहे. मालदीवमध्ये राहणारे चार्ल्स अँडरसन हे समुद्री जीवांचे अभ्यासक. दर ऑक्टोबरात बेटांवर चतुरांचे थवे यायचे. पण ती प्रवाळाची बेटं, वर गोडं पाणी जवळपास नाहीच, मग हे वाढतात कुठे? १९९०च्या दशकापासून ते कधी आले, कुठे आले, वारा कुठला होता हे लिहीत गेले. २००९ मध्ये त्यांनी मांडलं की हे चतुर भारतातून निघतात, परतीच्या मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन समुद्र ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेच्या पावसात जाऊन अंडी घालतात. जाऊन-येऊन १४ ते १८ हजार किलोमीटर, चार पिढ्यांत. पुढे २०१२ मध्ये मालदीवच्या चतुरांचे पंख याच हायड्रोजनच्या रीतीने तपासले गेले. त्या पंखांतला पाऊस मालदीवचा नव्हता, उत्तर भारताकडचा होता.

तेव्हापासून भाद्रपदातले ते थवे माझ्यासाठी बदलले. आम्हाला वाटायचं ते आमच्या अंगणात खेळायला आलेत. ते प्रवासाला निघालेले होते आणि आम्ही त्यांना दोरे बांधत होतो. दोरा बांधलेला एक चतुर अण्णांनी एकदा माझ्या हातातून घेऊन सोडवला होता. "सोड त्याला, त्याला कामं आहेत," म्हणाले होते. तेव्हा मी रुसले होते.

लेमाँटच्या मंदिरात जाताना आम्ही कधी कधी आय-३५५ या महामार्गाच्या लांबलचक पुलावरून जातो. खाली डेस प्लेन्स नदीचं खोरं. तिथे हाइन्स एमरल्ड नावाचा, पाचूसारख्या डोळ्यांचा चतुर आहे. १९९५ पासून तो संकटग्रस्त जातींच्या केंद्रीय यादीत आहे. त्याची पिल्लं चार-पाच वर्षं पाण्यात काढतात आणि कोरड्या दिवसांत खेकड्यासारख्या क्रेफिशच्या बिळांत आसरा घेतात. २००७ मध्ये हा पूल झाला तेव्हा त्याची उंची ठरवताना या चतुराचाही विचार झाला होता, गाड्यांना आपटून मरू नये म्हणून. मी हे गाडीत सांगते तेव्हा मागच्या सीटवर सगळे मोबाइलमध्ये असतात. हाइन्स एमरल्ड मी एकदाही पाहिलेला नाही. नचूसा त्याचं ठिकाण नाही. पण पुलावर आलं की मी काच थोडी खाली करते.

*

अण्णा गेले त्याला आता तीन वर्षं होतील. दादाने त्यांच्या पेटीतून एक वही काढली. सरकारी नव्हे, निवृत्तीनंतर त्यांनी परसात स्वतःचं एक नरसाळं रोवलं होतं, त्याची. फोटो पाठवला तो मे महिन्याच्या पानाचा. निरंक, निरंक, निरंक, निरंक. अक्षर शेवटी शेवटी थरथरतं. एका ओळीत ४, पुढे कंसात 'वळीव', आणि पुन्हा निरंक.

परवा, ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, मी या वर्षीची अखेरची फेरी केली. बाईही आल्या होत्या, काठी टेकत. हल्ली त्या साकवाजवळ खुर्ची टाकून बसतात आणि मी चालून येते. तापमान नियमाच्या काठावर, ऊन पातळ, वारा चावरा. गवताचा रंग विटेसारखा झालेला, ओढ्यात पानं साठलेली. तासभर चालले. डबक्याला वळसा घातला. एबनी ज्वेलविंग बसायचे त्या पानांवर कुणी नव्हतं, ती पानंच नव्हती. साकवाशी आले, घड्याळ बघून शेवटची वेळ लिहिली, एक वाजून बारा मिनिटं, आणि जातींच्या यादीसमोर एकेक शून्य काढत गेले. आमच्या कागदावर रेघ ओढून खाली सरकायची सोय आहे. मी ओढत नाही.

शेवटच्या शून्याशी आले तर बाई हळूच म्हणाल्या, "हलू नकोस."

माझ्या डाव्या बाहीवर, दंडाच्या जरा खाली, एक लाल चतुर बसला होता. ऑटम मेडोहॉक, पाय पिवळे. थंडी पडली की हे असे फिकट कपड्यांवर ऊन शेकायला बसतात. पंख पुढे झुकवलेले, शेपटी किंचित वर. त्याच्या श्वासाबरोबर पोट हलत होतं तेही दिसत होतं. आम्ही दोघी किती वेळ तशा होतो ते सांगता येणार नाही.

मी घड्याळाकडे बघितलं. सव्वा वाजून गेला होता.

"वेळ संपली," बाई म्हणाल्या.

"हो ना," मी म्हटलं, आणि कागदावर सही केली.